दत्तारामने मला मारलं नव्हतं

संपादकांनी या अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांच्या मनात माझी शाळेतली नोकरी असावी. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी मुलामुलींना ज्युडो शिकवतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मुलं येतात, पडायला शिकतात, दहावी झाली की जातात. पण त्याआधी नऊ वर्षं मी वेगळंच काम केलं. मी फ्रीस्टाईल कुस्तीतला दुष्ट माणूस होतो. एकटा नव्हे, जोडीतला अर्धा.

जोडीचं नाव गिरा-चकवा. गिरा माणसाला पाण्यात ओढतो आणि चकवा त्याला रानात त्याच त्या जागी फिरवत ठेवतो, असं आमच्याकडे मानतात. गिरा म्हणजे दत्ताराम. चकवा मी.

आमची गावं देवरूखच्या पुढे, समोरासमोर. मध्ये एक पऱ्या, पावसाळ्यात तेवढा भरून वाहणारा. आम्ही दोघं मुंबईला एका धान्याच्या गोदामात पोती उचलायचो. तेव्हा केबलवर परदेशी कुस्त्यांचं वेड आलं होतं. आधी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या एका शेठने ते पाहिलं आणि आपणही असा खेळ काढावा असं त्याच्या डोक्यात आलं. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चालणारी धिप्पाड माणसं त्याला गोदामातच सापडली.

शिकवायला एक म्हातारे उस्ताद होते. पहिले पाच महिने त्यांनी आम्हाला फक्त पाडलं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, पाठ एकदम सपाट, दोन्ही हात फळीवर जोरात. आवाज जितका मोठा तितकं लागणं कमी. माझ्या शाळेतली मुलं आज तेच शिकतात, फक्त त्यांना ते जपानी वाटतं.

लोक मला अजून विचारतात, "सर, ते सगळं खोटं असायचं ना?" निकाल ठरलेला असायचा, हे खरं. पण फळ्या लाकडाच्या असायच्या आणि वर एक ताडपत्री. नव्वद किलोचा माणूस अंगावर पडला की तो नव्वद किलोचाच पडतो.

जोडीच्या कुस्तीत रिंगमध्ये एका वेळी प्रत्येक बाजूचा एकच. जोडीदार कोपऱ्यात, दोरीबाहेर. आतल्याने त्याच्या हाताला हात लावला की तो आत आणि हा बाहेर. आम्ही अर्थातच हे पाळायचो नाही. पंचाची पाठ फिरली की दोघंही आत. समोरचा चांगला माणूस आपल्या जोडीदाराकडे हात लांबवत सरपटायचा, चार बोटांचं अंतर उरायचं, आणि दत्ताराम त्याचा पाय धरून त्याला मागे ओढायचा. तेव्हा मैदानातून जो आवाज उठायचा तो माझ्या कानात अजून आहे. बाहेरच्यांना ठाऊक नसतं ते हे की कुस्ती चालवतो दुष्टच. कधी उचलायचं, कधी दमायचं, पब्लिक कधी पेटलं, हे तो बघतो. चांगल्याने फक्त सोसायचं आणि शेवटी उठायचं. समोरच्याची मान, गुडघे, दात सांभाळणं हेही आमचंच काम. नऊ वर्षांत दत्तारामच्या हातून कोणाचं नख मोडलं नाही.

आणि कोकणात गावोगाव खेळ घेऊन फिरताना लोकांनी मात्र आम्हाला काय काय मारलं. लांज्याला एका आजीने दत्तारामच्या टाळक्यात छत्री घातली. गुहागरकडे एका बाईने टोपलीतला बांगडा फेकून मारला. दत्तारामने तो उचलला, चड्डीला पुसला आणि तिच्याकडे बघत कमरेच्या पट्ट्यात खोचला. मैदान इतकं खवळलं की पंचाला कुस्ती थांबवावी लागली. तो बांगडा आम्ही मुक्कामावर तळून खाल्ला. देवरूखला एक निवृत्त मास्तर खेळ संपल्यावर भेटायला आले. त्यांनी कागदावर आमच्या एकोणीस चुका लिहून आणल्या होत्या, आणि प्रत्येक चुकीपुढे खूण करून मला विचारत होते, "हे तुझ्या बापसाला चालंल काय?" मी गुरकावलो आणि निघून आलो. बाहेर आम्हाला गोड बोलायची मुभा नव्हती. दुष्ट माणूस चहाच्या हॉटेलातही दुष्टच राहायचा.

उस्तादांचा याहून कडक नियम एकच होता. जोडीत जे ठरलं ते दोघांचं. एकाने ते बाहेर सांगायचं असेल तर दुसऱ्याने हो म्हटलं पाहिजे. बायको असो, बाप असो. उस्ताद म्हणायचे, एकाने तोंड उघडलं तर दुसऱ्याची आयुष्यभराची मेहनत खोटी पडते. आम्ही त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला होता.

सातव्या वर्षी आमचं नाव एवढं झालं होतं की पोस्टरवर चांगल्यांची नावं खाली बारीक आणि आमची वर. पण दुष्टांची जोडी फार काळ टिकवता येत नाही, लोकांना सवय होते. शेठ म्हणाला, "आता तुम्हाला फोडायचं. एकाने दुसऱ्याला दगा द्यायचा. कोणी कोणाला, ते तुम्ही ठरवा."

ज्याला दगा बसतो तो त्या क्षणी चांगला होतो. लोक त्याच्या बाजूचे होतात. ज्याने दिला तो पूर्वीपेक्षा दुप्पट वाईट. आम्ही मुक्कामाच्या शाळेच्या पायरीवर बसलो होतो. दत्ताराम म्हणाला, "तू हो चांगला."

"आणि तू?"

"माजं काय? तुजी आवस बाजारात बायकांची बोलणी खाते. म्हणतात, तुजा झील माणसांचे डोळे काढतो. माज्या आवशीला आता कोण काय बोलणार, ती गेली."

तो माझ्या आईचा विचार करत होता आणि मी एकदासुद्धा 'नको' म्हटलं नाही. हे मी इथे लिहून ठेवतो.

ती कुस्ती रत्नागिरीत झाली. दोन्ही गावांतून माणसं टेम्पो भरून आली होती, कारण वाईट असलो तरी आम्ही त्यांचे होतो. मी दमून कोपऱ्यात आलो, दत्तारामकडे हात केला. त्याने हात मागे घेतला. खाली उतरला, मंडपवाल्याची घडीची लोखंडी खुर्ची उचलली, आत आला आणि माझ्या पाठीत घातली. तीन वेळा. खुर्ची सपाट धरायची, खांद्यांच्या खाली, मणका सोडून मांसावर मारायची, हे आम्ही आठ दिवस घोटलं होतं. प्रत्येक वेळी मारण्याआधी तो ओठ न हलवता विचारत होता, "बरा हायस ना?" आणि मी फळीवर बोट आपटून हो म्हणत होतो. मैदानात पहिल्यांदाच कोणी ओरडलं नाही. मग बायका रडायला लागल्या.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सुमन ही दत्तारामची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिला त्यानेच वाढवलं. तिचं लग्न माझ्या चुलतभावाशी, सुरेशशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, सुरेश आणि ती दोघंही खुशीत होती. कुस्ती बघायला ती आली होती, माझ्या काकांच्या, म्हणजे तात्यांच्या शेजारी बसली होती. होणाऱ्या सासऱ्याशेजारी.

चौथ्या दिवशी तात्यांनी निरोप पाठवला. "जो माणूस सात वर्षांच्या जोडीदाराला पाटीमागनं मारतो, त्याच्या घराशी आमची सोयरीक नाय." सोयरीक मोडली.

नियमाप्रमाणे आम्ही दोघांनी आता एकत्र दिसायचं नव्हतं. तरी दत्ताराम पऱ्यावरच्या साकवाखाली, लाकडी पुलाच्या आडोशाला, मला भेटायला आला. गमछा तोंडाला गुंडाळून. म्हणाला, "परकाश, तात्यांना येकट्याला सांगूया. बाकी कोणाला नको. सुरेशला पन नको. तू हो बोल, मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून सांगतो."

मी म्हटलं, "तात्यांच्या पोटात काही राहत नाही. उद्या सगळ्या तालुक्याला कळेल. पुढे आपल्या दोघांच्या एवढ्या कुस्त्या लागल्यात, त्या संपू देत."

"तवर तिचं काय?"

"मग सांगू. मी स्वतः सांगेन."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. माझ्या दुप्पट ताकदीचा माणूस. तात्यांकडे सरळ चालत गेला असता तर मी त्याला अडवू शकलो नसतो. पण तो मान हलवून आला तसा परत गेला. सुमनलाही त्याने सांगितलं नाही, कारण मी हो म्हटलं नव्हतं.

त्या कुस्त्या जिल्हाभर गाजल्या. मी जिंकायचो. आणि मला ते आवडायला लागलं, हे खरं कारण. सात वर्षं लोकांनी तोंडावर थुंकल्यानंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला पाणी आणून दिलं. माझी आई बाजारातून आली आणि म्हणाली, "आज बायकांनी मला बसायला जागा दिली." गावच्या देवळात मला शाल आणि नारळ दिला. सत्कार करणारे तात्याच होते. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "अजून दुकतं काय रं?" मी म्हटलं, "थोडं."

दोन वर्षांनी शेठचा खेळ बंद पडला. मी तेव्हा सांगू शकलो असतो. कुस्त्या संपल्या होत्या, नियम मोडून कोणाचं नुकसान होणार नव्हतं. पण तोवर सुरेशचं दुसरीकडे लग्न झालं होतं आणि मी स्वतःला म्हटलं, आता उपयोग काय. शाळेतली नोकरी मला मिळाली ती संस्थेच्या अध्यक्षांनी ती कुस्ती पाहिली होती म्हणून. "एवढं होऊनही तुम्ही त्या माणसाबद्दल वाईट बोलत नाही," ते म्हणाले होते. मी खाली बघितलं. त्यांना तो विनय वाटला.

सुमन पुढे वेळणेश्वरला दिली. तिने भावाशी बोलणं टाकलं होतं. दत्ताराम पावसला एका आंब्याच्या बागेत कामाला लागला. मी रत्नागिरीत, तो पावसला. मध्ये तासाभराचंही अंतर नाही. वीस वर्षं मी त्या रस्त्याला जायचं टाळलं.

गेल्या वैशाखात मुलांना घेऊन पावसला जायचा योग आला. बागेच्या दगडी गडग्यावर एक माणूस झेला बांबूला घट्ट बांधत बसला होता. झेला म्हणजे आंबा काढायची जाळी. गुडघ्यांना पट्टे, डोक्यावर केस नाहीत. त्याने मला आधी ओळखलं.

"चकव्या, पोट सुटलं तुजं."

"तुझे केस कुठे गेले?"

"लोकांनी छत्र्या मारून घालवले."

त्याने कलमाखाली मला बसवलं, आंबा कापून दिला. मुलीचं लग्न ठरलंय म्हणाला. डिसेंबरात. मग बराच वेळ सुरी पुसत राहिला. "सुमनबायला आमंत्रण धाडलं. पाकीट तसंच परत आलं. पोरीची आत्या ती येकलीच हाय." आणि माझ्याकडे न बघता, सुरी पुसतच, तो म्हणाला, "आता सांगू काय रं तिला? तुजी हरकत नसंल तर."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. आयुष्यात बरेच मार खाल्ले, काही खरे. असा एकही नव्हता. मी विसरून गेलो होतो की त्याने मला विचारायला हवं. तो बावीस वर्षं माझ्या परवानगीची वाट बघत होता.

"तू नको. मी सांगतो," मी म्हटलं. "तू सांगशील तर तिला वाटेल स्वतःला सोडवतोयस."

"तू सांगितलंस तर तरी पटंल काय?" त्याने विचारलं. मला ते तेव्हा कळलं नाही.

आधी मी गावात गेलो. तात्या आता पंच्याऐंशीचे आहेत, पण गावकीच्या बैठकीला येतात. देवळात सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं. खुर्ची कशी धरली, कोणी काय ठरवलं, दत्तारामने मोठेपणा मला कसा दिला, साकवाखाली मी काय बोललो. माझं बोलून झालं. मग तात्या काठी टेकत उठले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बगा रं," ते बाकीच्यांना म्हणाले, "येवडं सोसून बी त्या माणसाला वाचवायला बगतो. मोठं मन लागतं त्याला."

"तात्या, मी खरं सांगतोय."

"आमी बघितलंय परकाश. आमच्या डोळ्यांनी बघितलंय. मी पयल्या रांगेत व्हतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी मला पाणी आणून दिलं. आमचं काम आम्ही इतकं चोख केलं होतं. चौथी पायरी उतरताना मला हसू आलं आणि पाचवीवर मी बसून राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी मी वेळणेश्वरला गेलो. सुमनचं घर देवळापासून थोडं वर आहे. नवरा नारळाचा व्यापार करतो, ती पर्यटकांना घरगुती जेवण देते. पडवीत घडीच्या लोखंडी खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. पूर्वी ती मला अरेतुरे करायची. आता म्हणाली, "तुम्ही? बसा." आवाजात काही नव्हतं. कोकम सरबत पुढे ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं, देवळात सांगितलं त्याच क्रमाने. ती ऐकत होती. तात्या ऐकत होते तशीच.

"दादाने पाठवलं का?"

"नाही. त्याने मला परवानगी मागितली. मी ती आत्ता दिली."

"मी तिथे होते, प्रकाशदादा. तिसऱ्या फटक्याला तुमचं अंग कसं उडालं ते मी पाहिलंय. मला अजून दिसतं. तुम्ही चांगले आहात म्हणून..."

"मी चांगला नाही," मी म्हटलं, आणि उठून भिंतीजवळची एक मिटलेली खुर्ची घेतली आणि तिच्या हातात दिली. "मार."

"काय करताय?"

"खुर्चीचे पाय इथे धर. सपाट. कड पुढे आणू नकोस. खांद्याच्या खाली, मधे नाही, थोडी उजवीकडे. जोरात मार, भिऊ नकोस." मी शर्ट काढला आणि तिच्या अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, हात टेकून ओणवा झालो. बावन्नाव्या वर्षी गुडघे टेकायला वेळ लागतो. शेजारच्या अंगणातली एक बाई हातातलं सूप खाली ठेवून बघायला लागली.

बराच वेळ काही झालं नाही. मग सुमनने मारलं. खुर्चीचा आवाज समोरच्या माडांवर आपटून परत आला. मी शिकलो होतो तसा श्वास सोडला, अंग उडवलं, सपाट पडलो, दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. शेजारीण किंचाळली.

"लागलं?" सुमन खाली वाकली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अरे, लागलं का तुला?"

मी पाठ तिच्याकडे केली. तिने हात लावून पाहिलं. तिथे एक लाल पट्टा असणार, दुपारपर्यंत जाणारा. बाकी काही नाही. मी उठून बसलो आणि म्हटलं, "असंच. दर वेळी मारायच्या आधी तो विचारत होता, बरा हायस ना."

ती हातातल्या खुर्चीकडे बघत होती. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली, सपाट बाजू, मग कड. तिच्या ओठांची हालचाल होत होती, मनातल्या मनात काहीतरी मागे जाऊन जुळवत असल्यासारखी. साकव, सुरेश, तात्यांचा निरोप, बावीस वर्षं.

"तात्यांना एकट्याला सांगूया म्हणाला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू नको म्हणालास."

"हो."

दुसऱ्यांदा तिने मारलं ते मी शिकवलं होतं तसं नव्हतं. कडेने मारलं, खांद्याच्या हाडावर. मी पडलोही नीट नाही. पंधरा दिवस उजवा हात वर जात नव्हता, शाळेत मी मुलांना तोंडीच शिकवलं.

तिने खुर्ची उघडली, अंगणात ठेवली आणि तिच्यावर बसली. पदराने तोंड पुसलं. शेजारणीला ओरडून सांगितलं, "काही नाही वहिनी, माहेरचा माणूस आहे." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"नंबर दे त्याचा. माझ्याकडे नाही."

मी डाव्या हाताने फोन काढला आणि नंबर लावून दिला. पलीकडून दत्तारामचा आवाज आला, "बोल चकव्या." ती काही बोलेना. तो दोनदा हॅलो म्हणाला. मग त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण तोही गप्प झाला.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "पोरीला साडी कुठल्या रंगाची घेऊ?"

मी शर्ट उचलला आणि फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो. फोन माझा होता, पण परत मागायची मला घाई नव्हती.